एका आनंदाची कैफियत

माझ्यावर एक आरोप आहे. तो असा की, २०२१ सालच्या फेब्रुवारीच्या १५ तारखेस, सकाळी नऊच्या सुमारास, अमेरिकेतील टेक्सस राज्यात ह्यूस्टन शहराच्या दक्षिणेस असलेल्या माझ्या घराच्या अंगणात मी बर्फात खेळत होतो. मी एकटा नव्हतो. चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई शालीवर शाल पांघरून दारापाशी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या हातात एक वाटी होती. वाटीत नुकताच पडलेला बर्फ होता आणि त्यावर तिने अमृतकोकम ओतले होते. पहिला चमचा तोंडात घालून ती म्हणाली, "बाळ, लग्नाआधी आम्ही चौपाटीवर खायचो, त्या गोळ्याची चव आहे रे ही." मी तिचे छायाचित्र काढले आणि ते चार आप्तेष्टांना पाठवले. आरोपाला पुरावा मीच पुरवला.

आरोप करणारे माझे पुण्याचे एक जुने स्नेही आहेत. ते विद्वान आहेत, सज्जन आहेत, आणि आजच्या काळातही शाईच्या पेनाने पत्र लिहितात. त्यांनी लिहिले : "ज्या पहाटे लक्षावधी घरांतले दिवे गेले, ज्या पहाटे माणसे आपापल्या अंथरुणात गारठून मरत होती, त्या सकाळी आपण गोळा खात होतात. एवढेच नव्हे, तर त्याचे छायाचित्र काढण्याइतके आपले चित्त प्रसन्न होते. आपल्याविषयी माझी कल्पना निराळी होती." ह्या पत्राला मी त्याच वेळी खाजगी उत्तर पाठवले होते. परंतु पुढे दोन वेळा मायदेशी आलो, तेव्हा हाच सूर निरनिराळ्या मुखांतून ऐकू आला. तेव्हा वाटले, कैफियत एकदा जाहीरपणेच द्यावी. घटना मला मान्य आहे. गुन्हा मान्य नाही.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण अमेरिका म्हटली की बर्फ आलाच, अशी आपल्याकडे समजूत आहे. ह्यूस्टन हे दिल्लीच्या किंचित उत्तरेस, जवळजवळ तिसाव्या अक्षांशावर, समुद्राला लागून वसलेले शहर आहे. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत तेथे जो घाम येतो तो मुंबईच्या माणसाला अगदी घरचा वाटावा. आमच्या परसात केळी होती, जास्वंद होती आणि आईने हौसेने लावलेले अळू होते. मग अशा ठिकाणी बर्फ पडतो कसा? दिल्लीच्या पाठीशी हिमालय उभा आहे, तो उत्तर ध्रुवाकडचे वारे अडवतो. अमेरिकेत ध्रुवप्रदेशापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत असा आडवा पर्वत नाही. मधली सारी मैदाने वाऱ्याला मोकळी आहेत. हिवाळ्यात एखाद्या दिवशी उत्तरेचा वारा सुटतो आणि दुपारच्या चोवीस अंशांचे संध्याकाळपर्यंत चार अंश होतात. परंतु नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही. उत्तरेचा वारा कोरडा असतो. ओल आखातावरून येते, आणि ती येताना ऊब घेऊन येते. थंडी असते तेव्हा ओल नसते, ओल असते तेव्हा थंडी नसते. खाली बोचरी थंड हवा जमिनीला धरून बसली आहे आणि वरून आखाताची दमट हवा तिच्यावर चढते आहे, असा योग काही वर्षांतून एखाद्या रात्री जुळतो. त्या रात्री तेथे बर्फ पडतो.

१८९५ सालच्या फेब्रुवारीत, १४ आणि १५ तारखांना, ह्यूस्टनमध्ये वीस इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. त्यानंतर इतका कधीही पडलेला नाही. २००४ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री टेक्ससच्या किनाऱ्यावर जो हिमवर्षाव झाला, त्यात अगदी दक्षिणेच्या टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या ब्राउन्सव्हिल गावी दीड इंच बर्फ साचला. मोजता येण्याइतका बर्फ त्या गावाने १८९५ नंतर प्रथमच पाहिला. एकशेनऊ वर्षे! म्हणजे त्या गावात जन्मून, म्हातारी होऊन, अंगणात बर्फ न पाहताच निघून गेलेल्या माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्या.

ती २००४ ची सकाळ मला आठवते. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता, मुलगी सहा वर्षांची. पायाचे ठसे उमटण्याइतकाच बर्फ आमच्या वाट्याला आला होता. ह्यूस्टन हे तव्यासारखे सपाट शहर आहे. उतार म्हणून असलाच, तर पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या कालव्याच्या काठाचा. सगळ्या वस्तीतली पोरे त्या काठावर जमली. घसरगाडी कोणाकडेच नव्हती, कारण ती विकत घेण्याचा प्रसंग त्या गावी कोणावर येतो? कोणी पुठ्ठे आणले, कोणी कपडे धुण्याची टोपली आणली, आणि माझ्या पोरांनी घरातून कणीक मळायची परात आणली. त्या परातीला पडलेला पोचा आजही आहे. बर्फाचा बाहुला केला, तर त्याच्या अंगात बर्फ कमी आणि गवत, चिखल जास्त. दुपारी दोन वाजेपर्यंत तो वाकला आणि संध्याकाळी त्याची टोपी चिखलात पडलेली सापडली. बारा वर्षे शेजारी राहून ज्यांची नावे मला माहीत नव्हती, अशा पाच घरच्या माणसांशी मी त्या दिवशी प्रथम बोललो.

आता माझे विरोधक. ते तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार हसणाऱ्यांचा. माझे आप्त न्यू जर्सीत आहेत, मिनेसोटात आहेत. त्यांना बर्फ म्हणजे पहाटे उठून फावड्याने उपसण्याची वस्तू. "दोन इंचांत तुमच्या शाळा बंद? विमानतळ बंद?" असे ते विचारतात आणि हसतात. ह्यांना मी एवढेच सांगतो की, ज्या शहराजवळ रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्यांचा ताफा नाही, जेथल्या माणसाने आयुष्यात निसरड्या रस्त्यावर मोटार हाकलेली नाही, आणि जेथले उंच पूल खालून वारा लागून सर्वांत आधी गोठतात, त्या शहराने दोन इंचांत घरी बसणे हा भित्रेपणा नसून अक्कल आहे. आणि रोज मिळणाऱ्या गोष्टीचे कौतुक होत नाही म्हणून जिला ती क्वचित मिळते तिनेही कौतुक करू नये, हा न्याय मला समजत नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ज्यांच्या पागोळ्या थांबत नाहीत त्यांनी माणदेशातल्या माणसाला पहिल्या सरीत भिजताना पाहून हसावे, तसे हे हसणे आहे.

दुसरा प्रकार उपदेशकांचा. ते म्हणतात, पृथ्वी तापत असताना बर्फाचे कौतुक करणे म्हणजे पृथ्वीच्या ताप मोजणाऱ्यांची थट्टा करणे होय. ह्यात एक अर्धे सत्य आहे, ते मी मान्य करतो. २०१५ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सेनेटमध्ये जेम्स इन्हॉफ ह्या सभासदाने बाहेरून बर्फाचा गोळा आणून तो भर सभागृहात फेकला होता. बाहेर थंडी आहे, तेव्हा पृथ्वी तापते म्हणणारे खोटे, असा त्याचा युक्तिवाद. एका दिवसाच्या हवेवरून शंभर वर्षांच्या हवामानाचा निकाल लावणारा तो गोळा मूर्खपणाचा होता, ह्यात शंका नाही. परंतु दोष त्या फेकण्याच्या हेतूत होता, गोळ्यात नव्हता. माझ्या मुलीने तिच्या भावाच्या पाठीत जो गोळा मारला, त्यात कसलाही सिद्धान्त नव्हता. सरासरी तापमान वाढते आहे, हिवाळे सौम्य होत चालले आहेत, हे मला कळते. जी वस्तू मुळात दुर्मिळ होती ती अधिकच दुर्मिळ होणार, एवढाच त्यातून माझ्यापुरता अर्थ निघतो. आणि जी जाणार आहे तिच्याकडे पाठ फिरवून बसणे, हा तिच्याविषयी आस्था दाखवण्याचा चमत्कारिक मार्ग आहे.

तिसरा प्रकार माझ्या पुण्याच्या स्नेह्यांचा. त्यांचा आक्षेप खरा आक्षेप आहे आणि त्याला हसून किंवा टोला मारून उत्तर देता येणार नाही. माणसे मेली. राज्य सरकारने पुढे जी अधिकृत मोजणी केली ती २४६ मृत्यूंची. त्यांतले निम्म्याहून अधिक थंडीने गारठून मेले. कोणी ऊब मिळावी म्हणून बंद गराजात मोटार चालू ठेवली, कोणी घरात कोळशाची शेगडी पेटवली, आणि त्या धुराने जीव गेले. सुमारे पंचेचाळीस लाख घरांची व दुकानांची वीज गेली. आमचीही गेली. पहाटे दोन वाजता दिवे गेले, आणि आळीपाळीने तासाभराने येतील असे आम्हांला वाटले. ते तिसऱ्या दिवशी आले. आमची भट्टी गॅसवर चालते, परंतु तिची ऊब घरभर नेणारा पंखा विजेवर चालतो, म्हणून गॅस असून घर थंड. १६ तारखेच्या सकाळी ह्यूस्टनमध्ये पारा शून्याखाली दहा अंशांच्याही खाली उतरला होता, आणि आमच्या स्वयंपाकघरात खोबरेल तेलाची बाटली दगडासारखी झाली होती. आईला मध्ये घेऊन आम्ही सगळे एका खोलीत, घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर ओढून बसलो. नळाचे पाणी गेले. ज्या बर्फाचा सोमवारी सकाळी गोळा खाल्ला, तोच बर्फ मंगळवारी आम्ही बादल्यांत भरून संडासात ओतायला आत आणत होतो.

स्नेह्यांचे म्हणणे असे की, हे सारे होत असता आनंद करणे अमानुष. त्यांच्या मते आनंद आणि काळजी एकाच कनवटीतून खर्च होतात. एकावर दमडी उधळली की दुसरीकडे तेवढी कमी पडते. माझा अनुभव उलट आहे, आणि तो मी जसा घडला तसा सांगतो.

त्या सोमवारी सकाळी गल्लीतली सगळी माणसे बाहेर आली होती ती बर्फामुळे. बर्फ नसता तर अंधाऱ्या घरांतून प्रत्येकजण आपापले दार लावून बसला असता. शेजारच्या मेक्सिकन कुटुंबातली दोन मुले आमच्या समोरच्या घरी राहणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याला दाखवायला म्हणून थाळीत बर्फ घेऊन गेली. दार वाजवले, तो लवकर आला नाही. आला तेव्हा त्याच्या नाकाला नळी होती. त्याचे प्राणवायूचे यंत्र विजेवर चालणारे, आणि आता ते बॅटरीवर शेवटच्या घटका मोजत होते. मुले धावत आमच्याकडे आली. माझ्या मुलाने त्याला मोटारीत घातले आणि ज्या भागात वीज होती तेथे, जावयाच्या घरी, पाच मैलांचा रस्ता तासाभरात काटून नेऊन पोचवले. तो गृहस्थ वाचला. त्याच्या दारापर्यंत आम्हांला कोणाच्या कर्तव्यबुद्धीने नेले नव्हते. मुलांच्या हातातल्या थाळीभर बर्फाने नेले होते. पुण्यात बसून मेलेल्यांसाठी खिन्न होणे सोपे आहे, आणि तसे खिन्न होणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. परंतु त्या खिन्नतेने एकाही दाराची कडी वाजली नाही, एवढे नम्रपणे सुचवतो.

तेव्हा, माणसे मेली ती आम्ही गोळा खाल्ला म्हणून नव्हे. मग कशाने मेली? ह्याच प्रश्नापाशी माझे स्नेही थांबतात. मला येथूनच पुढे जावयाचे आहे.

त्या आठवड्यात अधिकाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द सारखे होते : 'दुर्मिळ' आणि 'अभूतपूर्व'. अशी थंडी कोणी कल्पिली होती? शतकातून एकदा होणारी गोष्ट, तिला कोण काय करणार? हे ऐकून मला मौज वाटली, आणि मग संताप आला. मुलाच्या तोंडी जेव्हा 'दुर्मिळ' हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ असतो : "लवकर या, बघा, पुन्हा कधी दिसेल कोण जाणे." अधिकाऱ्याच्या तोंडी त्याच शब्दाचा अर्थ होतो : "जा, विचारू नका, आमच्याकडे ह्याची तजवीज नव्हती." शब्द एकच, परंतु एक त्या गोष्टीकडे धावतो आणि दुसरा तिच्यापासून पळतो.

आणि 'अभूतपूर्व' हे तर धडधडीत असत्य होते. १८९५ ची नोंद मी वर दिलीच आहे. १९८९ च्या डिसेंबरात टेक्ससमध्ये अशीच थंडी पडली, विजेची यंत्रे गोठली, आणि यंत्रांना थंडीपासून जपा अशी शिफारस राज्याच्या नियामकांनी केली. २०११ च्या फेब्रुवारीत पुन्हा थंडी पडली, पुन्हा यंत्रे गोठली, पुन्हा दिवे गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्रीय नियामकांनी साडेतीनशेहून अधिक पानांचा अहवाल काढला. त्यात स्वच्छ म्हटले होते की, १९८९ नंतर जे सांगितले होते ते केले गेले नाही. नळ्यांना वेष्टने घाला, मापकांना ऊब द्या, गॅसच्या विहिरी गोठणार नाहीत असे करा. ह्यांत गहन शास्त्र काही नव्हते, खर्च होता. आणि तो सक्तीचा नव्हता, म्हणून पुष्कळांनी केला नाही.

टेक्ससची बरीचशी वीज अशा एका जाळ्यातून वाहते की जे देशाच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मोठ्या जाळ्यांशी जवळजवळ जोडलेलेच नाही. केंद्राचे नियम लागू होऊ नयेत, हे त्या वेगळेपणाचे एक जुने कारण आहे. म्हणून अडीनडीला शेजाऱ्याकडून वीज घेण्याची सोय तुटपुंजी. २०२१ च्या त्या पहाटे ते सबंध जाळे कोसळण्यापासून चार मिनिटे आणि सदतीस सेकंद दूर होते. कोसळते तर ते उभे करायला आठवडे लागले असते. गॅसच्या विहिरी गोठल्या. इतकेच नव्हे, तर भारनियमन करताना गॅस पुढे ढकलणाऱ्या काही यंत्रांचीच वीज तोडली गेली, म्हणजे ज्या गॅसवर वीज तयार व्हावयाची तो गॅसच विजेअभावी थांबला. पुढाऱ्यांनी दोष पवनचक्क्यांवर ढकलला. परंतु सर्वांत मोठी तूट गॅसच्या केंद्रांत पडली होती. त्या दिवसांत घाऊक बाजारात विजेचा भाव एका मेगावॉट-तासाला नऊ हजार डॉलरपर्यंत चढवून ठेवण्यात आला होता. एरवी ह्याच विजेला तीस-चाळीस डॉलर मिळाले तरी पुष्कळ. तेव्हा स्नेह्यांनी लाजेचा प्रश्न काढलाच आहे, तर त्या थंडीत कोणाचे चित्त अधिक प्रसन्न होते, ह्याची चौकशी त्यांनी वाटीभर गोळ्यापाशी न थांबवता पुढे न्यावी, अशी माझी विनंती आहे.

कोणी म्हणेल, आधी काही करता येण्यासारखे होते हे आता मागाहून बोलणे सोपे. त्याला माझे उत्तर एल पासो हे आहे. राज्याच्या पश्चिम टोकावरचे हे शहर टेक्ससचेच, पण त्याची वीज पश्चिमेच्या जाळ्यातून येते. २०११ मध्ये तेही अंधारात गेले होते. त्यांनी धडा घेतला, यंत्रे थंडीसाठी सज्ज केली. २०२१ मध्ये त्याच थंडीत तेथे वीज गेली ती अगदी थोड्या घरांची, आणि तीही थोड्या वेळापुरती. बर्फ तेथेही दुर्मिळच आहे, आणि पोरे तेथेही खेळली असतील. फरक एवढाच की दिवे होते.

येथे मला माझाही एक अपराध कबूल करावयाचा आहे. त्या मंगळवारच्या रात्री, गोधड्यांच्या ढिगातून आईने विचारले, "मामंजींची माळ्यावरची कौले आठवतात का रे तुला?"

मला आठवत होती. आमचे मूळ घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावी. वळवाचा पाऊस कधीकधी गारा घेऊन येई. आम्ही पोरे गारा वेचायला अंगणात धावत सुटायचो. आजोबा पडवीत उभे राहून ओरडायचे ते "आत या" असे नव्हे, तर "डोक्यावर पोते घ्या!" असे. गारा तोंडात टाकून आमची बोटे बधिर होत असत, आणि त्याच वेळी समोरच्या आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडलेला असे. ते नुकसान आजोबांचेच होते. पण त्यांनी आम्हांला कधी म्हटले नाही की, घरचे नुकसान होत असता तुम्ही हसता कसे? दुसऱ्या दिवशी ते शिडी लावून छपरावर चढत आणि फुटलेली कौले बदलत, कारण माळ्यावर चाळीस मंगळुरी कौले कायम रचून ठेवलेली असत. त्यांना कोणी हात लावावयाचा नाही. कधी ओळीने चार-चार वर्षे गारा येत नसत. शेजारी म्हणत, पैसा अडकवून ठेवलाय म्हाताऱ्याने. आजोबा दर वर्षी चैत्रात माळ्यावर चढून ती चाळीस कौले मोजत.

"आठवतात," मी म्हणालो.

"मग तुझी कौले कुठे आहेत?" आई म्हणाली.

माझ्यापाशी उत्तर नव्हते. २०११ ची थंडी मी स्वतः पाहिली होती. अंगणातल्या नळाला चिंध्या गुंडाळाव्यात, घरात दोन दिवसांचे पाणी भरून ठेवावे, समोरच्या म्हाताऱ्याचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा, ह्यांतले काहीही मी केले नव्हते. कारण? कारण असे क्वचितच होते. तोच अधिकाऱ्यांचा शब्द मी मनात जपून ठेवला होता, फक्त मोठ्याने म्हटला नव्हता. बुधवारी भिंतीतली नळी फुटली आणि स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झाले, ती माझी शिक्षा. ती मला मान्य आहे. परंतु ती नळी न गुंडाळल्याबद्दलची शिक्षा आहे, गोळा खाल्ल्याबद्दलची नव्हे. हे दोन अपराध एक करून माझे स्नेही खऱ्या अपराधाला सोडून देतात, हीच माझी त्यांच्याविरुद्ध मुख्य तक्रार. जो माणूस आनंद करणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो, तो नकळत तजवीज न करणाऱ्याची सुटका करतो. सगळ्यांनी लांब चेहरे केले की कोणाला काही विचारावे लागत नाही.

हा प्रश्न केवळ टेक्ससचा आहे असे कोणी समजू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा 'अभूतपूर्व' हाच शब्द मुंबईत ऐकू आला. पाऊस खरोखरच तसा होता. परंतु मिठी नदीचे पात्र आवळत गेले होते ते काही त्या एका दिवसात नव्हे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात दिवसामागून दिवस गारपीट झाली, हाताशी आलेला गहू-हरभरा झोपला, आणि पांढरी झालेली शिवारे पाहून काहींना काश्मीर आठवले. गारा वेचणाऱ्या पोराला मी तेथेही बोल लावणार नाही. उद्ध्वस्त शेताला काश्मीर म्हणणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र लावीन, कारण पोराला गार दिसते, ह्याला शेत दिसत नाही. आणि सर्वांत अधिक बोल लावीन तो 'अवकाळी' एवढा एक शब्द लिहून कागद पुढे सरकवणाऱ्याला. जे अवकाळी म्हणून दर दोन-चार वर्षांनी येते, त्याचा काळ ठरलेला नसेल, पण त्याचे येणे ठरलेले आहे. कौले मोजायला तेवढे ज्ञान पुरेसे आहे.

न्यायासाठी पुढचेही सांगितले पाहिजे. २०२१ मध्येच टेक्ससच्या विधिमंडळाने विजेची यंत्रे थंडीसाठी सज्ज करण्याची सक्ती करणारा कायदा केला. १९८९ पासून जे ऐच्छिक होते, त्याची सक्ती व्हायला एवढी माणसे मरावी लागली. २०२५ च्या जानेवारीत, २१ तारखेस, पुन्हा तो योग आला. आखाताच्या किनाऱ्यावर हिमवादळाचा इशारा त्या दिवशी इतिहासात प्रथमच देण्यात आला. न्यू ऑर्लिन्समध्ये आठ इंच बर्फ पडला आणि तेथल्या जोगिणी आणि धर्मगुरू एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकताना साऱ्या जगाने पाहिले. फ्लोरिडात, जेथे लोक थंडी चुकवायला जातात, मिल्टन ह्या गावी दहा इंचांना थोडा कमी बर्फ साचला. ह्यूस्टनचे दोन्ही मोठे विमानतळ बंद राहिले. दिवे मात्र २०२१ सारखे गेले नाहीत. थंडी त्या वेळेइतकी कडक नव्हती, हेही खरे. म्हणून मी अजून कोणाची पाठ थोपटत नाही.

आई आता नाही. ती २०२३ मध्ये गेली. २० तारखेच्या संध्याकाळी मी अंगणातल्या नळाला तिच्या जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळून वर सुतळी आवळली, पाण्याचे पिंप भरले, आणि समोरच्या म्हाताऱ्याला विचारून आलो की त्याची जादा बॅटरी भरलेली आहे ना. सकाळी पाहतो तो सारे अंगण पांढरे. कपाटातून अमृतकोकमाची बाटली काढली, वाटी घेतली आणि बाहेर गेलो. समोरचा म्हातारा त्याच्या दारात नळीसकट उभा होता. त्यालाही एक वाटी नेऊन दिली.

पुण्याच्या स्नेह्यांना त्या वाटीचे छायाचित्र मी मुद्दाम पाठवले आहे. त्यात मागच्या भिंतीला गोधडीत गुंडाळलेला नळ स्पष्ट दिसतो.